शेवटच्या किलोमीटरवर अडलेला वेग

एकाच टेलिफोन एक्स्चेंजमधून दोन तारा निघतात. एक ३०० मीटरवरच्या घरात जाते, दुसरी पाच किलोमीटरवरच्या वस्तीत. प्लॅन एकच, मॉडेमही सारखाच. तरी पहिल्या घरात व्हिडिओ लगेच सुरू होतो आणि दुसऱ्या घरातल्या मुलीचा ऑनलाइन वर्ग सारखा अडकतो. तक्रार केली की ‘लाइन ठीक आहे’ असं उत्तर येतं. लाइन खरोखरच ठीक असते, आड येतं ते अंतर.

तांब्याची ती तार मुळात बोलण्यासाठी टाकलेली. माणसाच्या आवाजाला ४ हजार हर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. इंटरनेटसाठी त्याच तारेतून त्याहून कितीतरी वरच्या वारंवारता पाठवाव्या लागतात. ‘एडीएसएल २ प्लस’ या टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या तंत्रात सुमारे २२ लाख हर्ट्झपर्यंत. हा पट्टा ५१२ अरुंद कप्प्यांत विभागलेला असतो. मॉडेम सुरू केल्यावर त्याचा दिवा काही वेळ लुकलुकत राहतो, तेव्हा मॉडेम आणि एक्स्चेंजमधलं यंत्र हे कप्पे तपासत असतात. गोंगाटातून सिग्नल किती वर उरलाय, या कप्प्यात किती बिट भरता येतील, याचा हिशेब चालतो. वारंवारता जितकी जास्त, तितका सिग्नल तांब्यात लवकर क्षीण होतो. त्यात एकाच केबलमधल्या शेजारच्या तारांचे सिग्नलही एकमेकांत मिसळतात. म्हणून लांबच्या घरासाठी वरचे कप्पे सरळ सोडून द्यावे लागतात. कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत जाणारा वेग पाच किलोमीटरवर जेमतेम एक-दोन एमबीपीएस उरतो.

काचेच्या धाग्याने हे अंतराचं गणितच बदललं. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडलं; काओ यांना त्यासाठी २००९ चं नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या फायबरमध्ये १५ किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. म्हणजे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एक्स्चेंजशेजारचं घर आणि टोकाची वस्ती यांत आता फारसा फरक राहिलेला नाही.

मग फरक उरतो कुठे? खोदाईत. केबल स्वस्त असते. रस्ता उकरणं, परवानग्या मिळवणं, चर बुजवणं हे महाग पडतं. एका किलोमीटरच्या चराचा खर्च त्यावर १०० घरं असोत वा दोन, फारसा बदलत नाही. विरळ वस्ती मागे पडते ती इथे. पण शहरातल्या गरीब वस्तीला हे कारण लावता येत नाही. तिथे घरं दाटीने उभी असतात, दर घरामागे खोदाईचा खर्च कमी येतो. तरीही महागडे प्लॅन घेणारे लोक जिथे जास्त, तिथे फायबर आधी पोहोचतं. मला ही विषमता जास्त टोचते, कारण निसर्गाने तिथे कसलाच अडथळा घातलेला नाही.

त्यात मोजमापही फसवं असू शकतं. अमेरिकेत बरीच वर्षं असा नियम होता की जनगणनेच्या एका गटात एका जरी जागी कंपनी सेवा देऊ शकत असेल, तर अख्खा गट ‘सेवा उपलब्ध’ धरायचा. ग्रामीण भागात असे गट अफाट पसरलेले असतात. सेवा नसलेली घरं त्यामुळे नकाशातून गायब झाली, आणि सरकारी मदत ठरत होती ती अशाच नकाशांवरून. प्रत्येक जागेची वेगळी नोंद असलेला नकाशा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आला. २०२४ मध्ये तिथे ब्रॉडबँडची किमान मर्यादाही २५ वरून १०० एमबीपीएसवर नेली गेली. घरन् घर मोजल्याशिवाय कोण वंचित आहे हे कळूच शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमधल्या लँकशायरच्या खेड्यांनी कुणाची वाट पाहिली नाही. २०११ मध्ये तिथल्या लोकांनी ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ ही संस्था काढली. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून केबलला फुकट वाट दिली, गावकरी स्वतः चर खणायला उतरले. डांबरी रस्त्यापेक्षा शेताची माती उकरणं कितीतरी स्वस्त पडतं, त्यामुळे मोठ्या कंपन्यांना न परवडणारं काम त्यांना जमलं. त्या फायबरवरून घरी एक गिगाबिट वेग येतो, आणि डाउनलोडइतकाच अपलोडलाही मिळतो.

डोंगरदऱ्यांत जिथे चरही शक्य नाही, तिथे उपग्रह कामी येतात. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या जुन्या उपग्रहांकडून उत्तर यायला जवळपास अर्धा सेकंद लागायचा. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांनी तो विलंब खूपच कमी केला. मात्र उपग्रहाचा एक झोत जमिनीवरच्या मोठ्या पट्ट्यावर पडतो आणि त्याची क्षमता तिथल्या सगळ्या घरांत वाटली जाते. विखुरलेल्या घरांना ती पुरते. दाट वस्तीत तोच वाटा प्रत्येकाच्या वाट्याला तुटपुंजा येतो, आणि तिथे फायबरला पर्याय नाही.