आंब्याला तहान लागू द्या

परसात हापूसचं किंवा मानकुरादचं कलम लावून आठ-दहा वर्षं झाली, झाड घराच्या कौलांच्या वर गेलं, पानं हिरवीगार, पण मोहोर नाही. किंवा आला तर एखाद्या फांदीला चार तुरे. गोव्यात ही तक्रार गावोगावी ऐकू येते. मग माणसं खत वाढवतात, आळं मोठं करतात, न्हाणीचं पाणी आंब्याच्या बुंध्याशी वळवतात. माझं म्हणणं एवढंच की बहुतेक परसांत आंबा उपाशी नसतो, त्याला पाणी आणि खत जास्त झालेलं असतं, आणि तेही चुकीच्या महिन्यांत.

हे समजायला फांदीच्या शेंड्यावरचा डोळा जवळून बघायला हवा. पालवी आणि मोहोर यांच्यासाठी आंब्याला वेगवेगळे डोळे नसतात. तोच डोळा फुटतो, आणि फुटतानाच्या परिस्थितीवर त्यातून तांबूस कोवळी पानं येणार की फुलांचा तुरा, हे ठरतं. कधी कधी एकाच तुऱ्यात दोन्ही दिसतात, खाली पानं आणि वर फुलं. फुलायचा निरोप मात्र डोळ्यात तयार होत नाही, पानात होतो. पक्व पानं एक प्रथिन बनवतात आणि ते सालीतल्या साखरेच्या प्रवाहाबरोबर शेंड्यापर्यंत पोचतं. शास्त्रज्ञ त्याला फ्लोरिजेन म्हणतात. थंड रात्री हे प्रथिन वाढतं. उलट दिशेला ओढणारं संप्रेरक म्हणजे जिबरेलिन. कोवळ्या पानांत आणि वाढत्या बियांत ते भरपूर असतं आणि ते डोळ्याला पालवीकडे नेतं.

उत्तर भारतात थंडी इतकी कडक असते की पानं थोडी कोवळी असली तरी आंबा मोहोरतो. आपल्याकडे तसं नाही. पणजी, म्हापसा, मडगाव या किनाऱ्याजवळच्या भागांत डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचा पारा साधारण 20 अंशांच्या आसपास असतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराकडच्या गावांत रात्री त्याहून गार असतात. इतक्या सौम्य थंडीत फांदीचं वय निर्णायक ठरतं. शेवटची पालवी येऊन चार-पाच महिने झाले असतील तर त्या फांदीचा डोळा फुलाकडे वळण्याची शक्यता चांगली. जुलैत पालवलेली फांदी डिसेंबरात पाच महिन्यांची होते. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरअखेर पालवलेली फांदी जानेवारीत जेमतेम तीन महिन्यांची असते आणि तिची पानं अजून पालवीचाच निरोप देत असतात. परतीचा पाऊस लांबला की त्या वर्षी मोहोर मागे पडतो, तो याचमुळे.

पाणी तोडलं की झाड घाबरून फुलतं, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. कोरडेपणा स्वतः मोहोर आणत नाही. तो नवी पालवी थांबवतो, आणि पालवी थांबली की आहेत ती पानं पिकायला वेळ मिळतो. निरोप थंडीचाच असतो. हा फरक कळला की काय करायचं ते आपोआप समजतं: पाऊस ओसरल्यापासून कैरी वाटाण्याएवढी होईपर्यंत वाढलेल्या आंब्याला पाणी नाही. न्हाणीचं पाणी केळी, नारळ, अळू यांच्याकडे वळवा. त्यांना ते बारमाही हवंच असतं. शेणखत आणि नत्राचं खत जूनच्या सुरुवातीलाच द्या, म्हणजे त्यातून येणारी पालवी पावसातच येऊन जाईल. गणपतीनंतर खत घातलं तर त्याची पालवी दिवाळीला दिसते आणि मोहोराचं वर्ष वाया जातं.

खत बुंध्याशी घालून उपयोग नाही. अन्न शोषणारी बारीक मुळं फांद्यांचा पसारा जिथे संपतो त्या कडेच्या आसपास जास्त असतात, तिथे गोलाकार चर काढून द्यावं. आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मी आहे आणि तिच्यात लोह व ॲल्युमिनियम भरपूर. स्फुरद (फॉस्फरस) दिलं तरी ते या धातूंशी बांधलं जातं आणि झाडाला थोडंच मिळतं. आंब्याच्या मुळांवर वाढणारी मित्रबुरशी ते सोडवून द्यायला मदत करते. म्हणून पानांचा पाचोळा जाळू नका. तो त्याच झाडाखाली पसरा. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, अशा प्रदेशात उघडी माती फार लवकर धुऊन जाते.

लहान रोपाला मात्र यातलं काही लागू नाही. पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं, आणि त्या वर्षांत मोहोर आलाच तर खुडून टाकलेला बरा.

एक वर्ष लगडलेलं झाड दुसऱ्या वर्षी रिकामं जातं, त्यामागेही हीच ओढाताण आहे. भरपूर फळं म्हणजे भरपूर बिया, बियांतून येणारं जिबरेलिन आणि फांद्यांतल्या साठ्याचा उपसा. फळं उतरवल्यावर झाडाला लवकर पालवी काढता आली तरच पुढच्या मोहोराची आशा. जूनमध्ये आतल्या वाळक्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढून ऊन आत येऊ दिलं की त्याला मदत होते. बागायतदार यावर पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं रसायन वापरतात. ते जिबरेलिन तयार होऊ देत नाही आणि दरवर्षी, लवकरसुद्धा, मोहोर आणतं. परसात मी ते घालू नये असंच सांगेन. ते जमिनीत बराच काळ टिकतं, जवळच्या इतर झाडांची वाढ खुंटवू शकतं, आणि परसात विहीर असते. फिलिपिन्समधले शेतकरी पूर्वी आंब्याखाली दिवसेंदिवस धूर करत. धुरातल्या इथिलिनमुळे मोहोर येतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. पुढे तिथलेच शास्त्रज्ञ रामोन बार्बा यांनी पोटॅशियम नायट्रेटच्या फवारणीने तेच काम करून दाखवलं. पण तिथेही अट एकच: पानं पक्व असली पाहिजेत. कोवळ्या पानांच्या झाडावर फवारा मारून काही साधत नाही.

मोहोर आल्यावर त्यातलं एखादं फूल हातावर घेऊन भिंगाखाली बघा. आकार जेमतेम 5 ते 8 मिलिमीटर. एका तुऱ्यात अशी शेकडो, कधी काही हजार फुलं असतात, आणि त्यातली बरीचशी निव्वळ नर. ज्या फुलात मधोमध बारीक हिरवट-पिवळा गोल अंडाशय दिसेल त्यातूनच कैरी होऊ शकते. पुंकेसर पाच दिसले तरी सहसा एकाच्याच टोकाला काम करणारा जांभळट-गुलाबी परागकोष असतो. परागीभवन करायला येतात त्या बहुतेक माश्या, म्हणजे घरमाशीच्या जातीच्या आणि फुलांवर घिरट्या घालणाऱ्या, शिवाय पोयाच्या, म्हणजे बारीक, न डसणाऱ्या मधमाश्या. फुलं उमललेली असताना कीटकनाशक मारलं तर मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांबरोबर हेही मरतात आणि तुरा रिकामा राहतो. फवारायचंच असेल तर फुलं उघडण्याआधी. अशा अंडाशय असलेल्या, द्विलिंगी फुलांपैकीही हजारात एखादंच पिकलेल्या फळापर्यंत पोचतं, तेव्हा अंगणात पडलेल्या बारीक कैऱ्यांचा सडा बघून हळहळू नये. झाड पोसता येतील तेवढीच ठेवतं. कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर मात्र पाणी सुरू करा. वाढलेल्या झाडाला 150 ते 200 लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा दिलं तर गळ कमी होते आणि फळ भरतं.

रोप निवडतानाची गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती, पण मोहोराची चिंता जास्त जणांना असते. हापूससारख्या बहुतेक भारतीय जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागातून आलेला, म्हणजे त्याचा बाप कुठलाही असू शकतो. एकाच झाडाच्या दहा कोयी रुजवल्या तर सख्ख्या भावंडांसारखी दहा वेगळी झाडं मिळतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही जातींचं मात्र वेगळं आहे. ओलूर, बाप्पाकाई, चंद्रकारन आणि चक्क ‘गोवा’ नावाची एक जात, यांच्या कोयीत अनेक गर्भ असतात आणि त्यातले बहुतेक आईच्याच पेशींतून तयार होतात, परागाशिवाय. एका कोयीतून तीन-चार अंकुर वर येताना दिसले तर ती अशी कोय समजावी. त्यातली जोमदार रोपं सहसा हुबेहूब आईसारखी निघतात. कलमाला खुंट, म्हणजे खालचं मुळांचं रोप, म्हणून अशी एकसारखी रोपं फार उपयोगाची.

मानकुरादसाठी कलमच घ्या. 2023 साली गोवा मानकुरादला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानकुरादमध्येही झाडागणिक चव, रंग आणि आकार बदलतो. ओल्ड गोव्याला एला इथे असलेल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने अशा झाडांतून निवडक वाण वेगळे केले आहेत. तेव्हा कलम कुठल्या मातृवृक्षाचं, हे रोपवाटिकेत विचारून घ्यावं. कलम लावताना जोड मातीच्या वर एक वीत तरी राहिला पाहिजे. आणि पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत जोडाखाली फुटणारे कोंब न चुकता काढा. ते खुंटाचे असतात, वरच्या कलमापेक्षा जोमाने वाढतात आणि काही वर्षांत वरचं कलम मरून खालचं रायवळ झाड उभं राहतं. ‘मानकुराद लावला आणि घोटां (बारके रायवळ आंबे) लागली’ असं लोक म्हणतात, ते बहुतेक वेळा यामुळे. घोटांचं सासव, म्हणजे मोहरी-खोबऱ्याचं कालवण, उत्तम होतं हे खरं, पण जागा एकाच झाडाची असेल तर ती जाणूनबुजून निवडावी.

भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, बाबतीत कलमाचं महत्त्व याहून मोठं आहे, कारण कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बी रुजवलं तर जवळपास निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. मादी झाडाच्या सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याचं कलम मागा. आडव्या फांदीचं घेतलं तर झाडही आडवंच पसरत राहतं. भिरंड सावलीत तग धरते, म्हणून नारळाखालच्या किंवा मोठ्या आंब्याच्या उत्तरेच्या जागेला ती योग्य. जायफळही असंच नर-मादी वेगळं. फणसात मात्र दोन्ही फुलं एकाच झाडावर असतात. नर कणसं काळी पडून बुरशी धरून गळतात आणि लोक रोग समजून औषध आणायला जातात. तो रोग नव्हे, त्या कणसाचं काम संपलं एवढंच. नीरफणसाला बहुधा बी नसतंच. मुळाला जखम झाली की तिथून कोंब येतो, तोच लावायचा.

आता फळमाशी, जिच्यामुळे उशिरा पिकणारी फळं आतून अळ्यांनी भरतात. या माशीबद्दलचा मोठा शोध आपल्या देशात लागला. बिहारमधल्या पुसा इथे कीटकशास्त्रज्ञ हौलेट काम करत होते. त्यांच्या शेजाऱ्याने डासांसाठी सिट्रोनेला तेल वापरलं आणि रुमालावर फळमाश्या जमल्या. हौलेटनी 1912 साली याची नोंद केली: आलेले सगळे नर होते. पुढे त्यांनीच त्यामागचं रसायन मिथिल युजेनॉल असल्याचं दाखवलं. हेच रसायन तुळशीत असतं. शिगम्याच्या सुमारास सकाळी वृंदावनातल्या तुळशीची पानं निरखून बघा. पारदर्शक पंखांच्या, पिवळसर पट्ट्यांच्या, घरमाशीएवढ्या माश्या पानं चाटताना दिसतील. नर हे रसायन खातो आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध बनवतो.

मिथिल युजेनॉलचा सापळा याच भुकेवर चालतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’ आपल्याकडे मिळतो. तो नर पकडतो. फळात अंडी घालणाऱ्या मादीला तो पकडत नाही, आणि शेजारच्या वाड्यावर (वस्तीत) जोडी जमवून आलेली मादी आपल्या आंब्याला टोचतेच. त्यामुळे एका घरापेक्षा अख्ख्या वाड्याने फेब्रुवारी-मार्चपासून सापळे लावले तर फरक दिसतो. त्याला जोड म्हणून हाताला लागतील त्या कैऱ्या अंड्याएवढ्या झाल्यावर कागदी पिशवीत बांधा. आणि गळलेली किडकी फळं केराच्या ढिगात टाकू नका, कारण अळी फळातून निघून मातीतच कोष करते. ती फळं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवावीत, किंवा खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबावी. झाडावरचे हुमले, पानं शिवून घरटी करणारे तांबडे मुंगळे, चावतात म्हणून जाळले जातात. ते फळमाशीला फळावर बसू देत नाहीत, तुडतुडेही खातात. आंबे काढायच्या दिवसांपुरता त्रास सोसून त्यांना राहू द्यावं.

काढताना देठ बोटाच्या एका पेराएवढा ठेवून, झेल्यानेच, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीनेच, काढा. देठ मोडला की चीक उसळतो आणि जिथे लागेल तिथे साल काळी पडते, हातावर पडला तर काहींना फोड येतात. पहिले एक-दोन आंबे पाण्यात टाकून बघा. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. बुडणारे भाताच्या पेंढ्यात घाला. त्यांचं स्वतःचंच इथिलिन त्यांना पिकवतं, कार्बाइडची गरज नसते आणि कायद्याने ते चालतही नाही.