गादा, पाकट आणि 2001 चे पाच महिने

मुंबईच्या किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन वाहून आला की बातमीत तो हमखास 'डॉल्फिन मासा' होतो. आणि पाकट, म्हणजे स्टिंगरे? तो नेहमी 'चावतो'. 2013 च्या गणेशोत्सवात दीड दिवसाच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाकटाचा दंश झाला. चावायला त्याचे तोंड पोटाखाली असते. विषारी काटा असतो शेपटीवर, आणि वाळूत दबून बसलेल्या पाकटावर पाय पडला की तो तेवढेच हत्यार चालवतो.

दोघांची फारकत तशी जुनी. 1758 मध्ये एका स्वीडिश निसर्गअभ्यासकाने देवमासे-डॉल्फिन माशांतून काढून सस्तनांत टाकले. शाळेत मात्र आपल्याला सोपी खूण शिकवली : पिल्लांना जन्म देतो तो सस्तन. पाकट ही खूण पार मोडून टाकतो. तोही जिवंत पिल्लेच घालतो, आणि गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या पोषक द्रवावर ती पोसतो. खरा फरक श्वासात आहे. कोकणपट्टीवर ज्याला गादा म्हणतात, तो डॉल्फिन हवा घ्यायला वर येतो. पाकटाला कल्ले आहेत आणि सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा.

कायद्याने मात्र वेगळीच रेघ ओढली. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या छत्राखाली डॉल्फिन आले, त्यावर फारशी कुरबुर झाली नाही; ताटात त्याला कोण शोधतो? ठिणगी पडली 2001 मध्ये. मे महिन्यात व्हेल शार्कला संरक्षण मिळाले. जुलैत एका अधिसूचनेने सगळ्या मुशी (शार्क) आणि सगळे पाकट एका फटक्यात संरक्षित प्राण्यांच्या यादीत घातले. म्हणजे ट्रॉलच्या जाळ्यात रोज येणारा, सुकवून विकला जाणारा माल रातोरात गुन्हा ठरला. देशभरच्या मच्छीमारांनी विरोध केला. तो रास्तच होता, कारण पाण्याखाली ओढलेले जाळे जात बघून मासा धरत नाही. पण माघारही तितकीच घाईची. डिसेंबरमध्ये यादी 10 जातींवर आली. त्यांत चार मुशी, तीन करवत मासे, एक गिटारफिश आणि जेमतेम दोन पाकट. त्या दोघांत मुंबईच्या बाजारात नेहमी दिसणारा एकही नाही. संपूर्ण बंदी आणि जवळपास पूर्ण मोकळीक, यांच्या मधले काही (आकाराची मर्यादा, विणीच्या काळापुरती बंदी) तेव्हा करता आले असते.

2022 च्या कायदा-दुरुस्तीने ही यादी पुन्हा वाढवली. ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. त्याआधीच महाराष्ट्रात, 2018 च्या अखेरीस, भरपाईची योजना आली होती : संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर फोटोच्या पुराव्यावर कमाल 25,000 रुपये. गादा अडकला तर जाळे कापायचे. त्याच जाळ्यातला साधा पाकट ससून डॉकला वजनकाट्यावर चढतो.