ठाव लागत नाही तिथे

तरणतलावात उथळ बाजूने निघालेला माणूस मजेत हात मारत जातो. मध्येच तळाला उतार लागतो, फरशीवरच्या रेघा पुसट होतात आणि याचा दम तुटतो. हात कठडा शोधू लागतात. पाणी मात्र तेच असतं. आपल्याला वर उचलणारं बल आपण किती पाणी बाजूला सारलं यावर ठरतं. खाली पाच फूट आहे की पन्नास, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

गेलं ते एवढंच : पाय टेकायची सोय आणि तळाचं दर्शन. समुद्रात 200 मीटरखाली जेमतेम उजेड उरतो. जिथे काही दिसत नाही, तिथे मेंदू आपल्या पदरचं भरतो. आपल्या डोहांत आणि विहिरींत साती आसरा राहायला आल्या, त्या बहुधा याच वाटेने.

अथांग पाण्याच्या या भीतीला थॅलॅसोफोबिया म्हणतात. ग्रीक ‘थालासा’ म्हणजे समुद्र. (हायड्रोफोबिया वेगळा, ते रेबीजचं लक्षण.) ‘लहानपणी बुडता बुडता वाचला असेल’ हे आपलं ठरलेलं निदान. पण 1993 साली मेंझीस आणि क्लार्क या संशोधकांनी पाण्याला घाबरणाऱ्या 50 मुलांच्या पालकांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जण म्हणाले, पहिल्यांदा पाण्याशी गाठ पडली तेव्हापासूनच मूल घाबरतं. म्हणजे ही भीती दरवेळी कुणी लावलेली नसते. काहींची ती पहिल्यापासूनच असते, फक्त जायची राहून गेलेली.

पोहता न येणारा डोहाला घाबरला तर तो आजार नव्हे, शहाणपण. भीती धोक्याच्या मानाने फार मोठी असेल, सहा महिने किंवा जास्त टिकली असेल आणि तिच्यापायी होडीचा प्रवास, सहल, नोकरी टाळली जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ तिला फोबिया म्हणतात.

ती मोजतात कशी? मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची 0 ते 100 ची पट्टी आजही वापरात आहे : 0 म्हणजे भीती नाही, 100 म्हणजे कमाल भीती. समुद्राचा फोटो पाहताना किती? धक्क्यावर उभं राहताना? छातीभर पाण्यात? आकडा माणूस स्वतःच सांगतो. उपचारही याच पायऱ्यांनी चालतात. एका पायरीवर आकडा उतरेपर्यंत थांबायचं, मग पुढची.

नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नये. कुणी ‘वीसच’ म्हणत खोल बाजूला जातो, पण डावा हात कठड्यावरून सुटलेला नसतो. त्या हाताचीही नोंद करावी लागते.