रॉक क्रॉलर (रेडिओनियंत्रित): चॅसीची बांधणी व फेरफार

खडकांवरून, चिरांतून आणि उभ्या चढांवरून अगदी संथ गतीने चढणारी रेडिओनियंत्रित चारचाकी म्हणजे रॉक क्रॉलर. १:१० हे तिचे सर्वांत रूढ प्रमाण असून १.९ इंच रिमचा वर्ग अधिक चालतो. ॲक्सियलच्या एससीएक्स-१० (२००९) या गाडीने शिडीसारख्या चॅसीचा साचा रूढ केला. ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ ने (२०१७) चाकाजवळच गिअर असलेले पोर्टल ॲक्सल तयार गाडीत आणले. पुढची माहिती मुख्यतः या शिडी-साच्याला लागू आहे.

सांगाडा म्हणजे इंग्रजी ‘सी’ आकाराच्या दोन पोलादी पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे आणि मधोमध गिअरबॉक्स पेलणारी तळपट्टी. जोडणी काचेच्या तुकड्यावर करावी. सगळे स्क्रू आधी सैल ठेवून दोन्ही कर्ण मोजावेत, ते सारखे आले की मगच आवळावेत. पट्ट्या पिळलेल्या राहिल्या, तर गाडी एका अंगाला झुकून उभी राहते आणि मालक निष्कारण स्प्रिंगा बदलत बसतो. निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) फक्त धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूंना लावावा. प्लॅस्टिकला लागला तर त्याने तडे जाऊ शकतात.

खरे काम लिंकांचे, म्हणजे ॲक्सल चॅसीला जोडणाऱ्या दांड्यांचे. मागे चार लिंका असतात आणि वरच्या दोन तिरक्या असल्याने ॲक्सल आडवा सरकत नाही. पुढे स्टिअरिंगचा सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) चॅसीवर घेतला, तर तीन लिंका आणि एक पॅनहार्ड दांडा (ॲक्सल आडवा सरकू न देणारा आडवा दांडा) अशी रचना लागते. पॅनहार्ड दांडा आणि सर्व्होकडून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक हे दोन्ही समांतर आणि शक्यतो सारख्या लांबीचे हवेत. तसे नसेल, तर ॲक्सल वरखाली होताना चाके आपोआप वळतात. तपासणी सोपी आहे: सर्व्हो चालू ठेवून चॅसी हाताने दाबावी आणि पुढच्या चाकांकडे पाहावे.

लिंकेची लांबी एका छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्या छिद्राच्या मध्यापर्यंत मोजतात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर, लिंकांवरच ठरतो; एससीएक्स-१० च्या दुसऱ्या आवृत्तीत तो ३१३ मिमी आहे. एम-३ आट्यांचा रॉड एंड (लिंकेच्या टोकाचा सांधा) एक फेरा फिरवला की लांबी ०.५ मिमीने बदलते, म्हणून डाव्या-उजव्या लिंका फेरे मोजूनच जुळवाव्यात. वरच्या लिंकेची लांबी बदलून ॲक्सलचे नाक वर उचलले, की तिथे जोडलेल्या ड्राइव्हशाफ्टचा (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे फिरकी नेणाऱ्या दांड्याचा) कोन कमी होतो. मात्र पुढच्या ॲक्सलवर त्याच फेऱ्यांनी कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) घटतो आणि स्टिअरिंग भरकटते. सी-हब (ॲक्सलच्या टोकाचा ‘सी’ आकाराचा तुकडा) फिरवून बसवता येत असेल, तरच हा कोन वेगळा सुधारता येतो. ड्राइव्हशाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत, नाहीतर थरथर होते. चाके पूर्ण खाली लोंबू देऊन शाफ्टचे दोन भाग एकमेकांत पुरेसे अडकलेले राहतात का, हेही पाहावे. व्हीलबेस वाढवल्यावर शाफ्ट निसटतो तो इथेच.

लांब शॉक (धक्के शोषणारे तेलाचे दांडे) ही बहुतेक नवख्यांची पहिली खरेदी, आणि गाडी बिघडवणारीही. ९० मिमीच्या जागी १०० मिमी शॉक घातले की गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर गाडी लवकर कलंडते. त्याच लांबीचे शॉक, मऊ स्प्रिंग आणि ३० वेटच्या (दाटपणाचे माप) आसपासचे तेल घेऊन चॅसी थोडी खाली बसू द्यावी. चढावर गाडी प्रत्येक वेळी एकाच बाजूला पिळत असेल, तर तो ड्राइव्हशाफ्टचा पीळ असतो. पोर्टल ॲक्सलमध्ये गती चाकाशी कमी होत असल्याने शाफ्टवर टॉर्क कमी येतो आणि हा दोषही कमी दिसतो. इतर गाड्यांत दबणाऱ्या कोपऱ्यावर थोडी कडक स्प्रिंग देतात.

वजन खाली आणि पुढे हवे. बॅटरी पुढे हलवणे फुकटात होते, म्हणून ते आधी करावे. पितळी नकल (पुढचे चाक धरून वळणारा तुकडा) किंवा पितळी पोर्टल झाकणे त्यानंतर. पुढची चाके स्वयंपाकघरातल्या काट्यावर आणि मागची त्याच उंचीच्या फळीवर ठेवून वजन घ्यावे: एकूण २.८ किलोपैकी १.६ किलो पुढे आले, तर प्रमाण ५७ टक्के होते. ५५ ते ६० टक्के चांगले. त्यापुढे पितळ चढवत गेल्यास ॲक्सलचे दांडे, सर्व्हो आणि मोटर यांच्यावर ताण येतो.

मोटर ५४० आकाराची, आतल्या तारेच्या ३५ ते ५५ फेऱ्यांची. फेरे जास्त तितकी गती कमी आणि रांगताना नियंत्रण बारीक. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि मोठ्या गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर आवळावी, मग पट्टी काढावी. स्पीड कंट्रोलरचा ड्रॅग ब्रेक पूर्ण ठेवतात, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर गाडी चढावर थांबते. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरल्यावर मोटर थांबवणारी मर्यादा, लायपोचीच निवडावी. निकेल बॅटरीच्या सेटिंगवर चालवल्यास सेल ३ व्होल्टखाली जाऊन फुगतात. चाक दगडात अडकल्यावर गाडी क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर बहुधा रिसीव्हरचा दोष नसतो. ताकदवान सर्व्हो जास्त करंट ओढतो आणि बीईसीचा (रिसीव्हर व सर्व्होला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) व्होल्टेज कोसळतो. सर्व्होच्या वळणाची टोके ट्रान्समीटरवर मर्यादित करावीत आणि तरीही तसेच झाले, तर बॅटरीवरून स्वतंत्र बीईसी द्यावा.

टायरचे रबर मऊ हवे; आतला फोम फार मऊ असेल तर आडव्या उतारावर टायर दुमडतो. टायरची कड कड्याने आवळून धरणाऱ्या बीडलॉक रिमला गोंद लागत नाही, त्यामुळे फोम बदलून पाहता येतो. सह्याद्रीतला कोरडा बेसॉल्ट उत्तम पकड देतो, पण पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या त्याच दगडावर मऊ रबरही घसरते. ओढ्यात चालवणार असल्यास टायरच्या पाठीला छिद्रे पाडतात, म्हणजे फिरताना पाणी बाहेर फेकले जाते. घरी आल्यावर ॲक्सल उघडून बेअरिंगे वाळवून, तेल देऊन, नवे ग्रीस भरावे लागते.