नागरिक अंदाजपत्रकाचा अर्ज: पाच लाखांचं काम नेमकं कुठे अडतं?

पावसाळा ओसरायला लागला की पुणे महापालिकेचं जाहीर प्रकटन येतं. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तुमच्या प्रभागातली कोणती कामं घ्यावीत ते नागरिकांनी सुचवावं, एका कामाला जास्तीत जास्त ५ लाख रुपये. २००६-०७ च्या सुमारापासून ही पद्धत चालू आहे. अर्ज साधा आहे, फी नाही, एजंट लागत नाही. तरी दरवर्षी ढिगाने अर्ज बाद होतात आणि लोक म्हणतात, ‘काही उपयोग नाही हो, सगळं आधीच ठरलेलं असतं.’ काही वेळा तसं असेलही. पण आमच्या भागातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज भरून देताना मी जे पाहिलंय, त्यावरून सांगतो, बहुतेक अर्ज राजकारणापर्यंत पोचतच नाहीत. ते त्याआधीच, एका साध्या प्रश्नावर पडतात. त्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी एक गैरसमज दूर करू.

हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत. मंडळाचे कार्यकर्ते, ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गटाच्या ताया, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘संस्थेच्या खात्यात किती जमा होतील?’ एक रुपयाही नाही. काम पालिका करते, तिच्या निविदेने, तिच्या ठेकेदाराकडून. त्यामुळे नोंदणी प्रमाणपत्र, ऑडिट, पॅन यांची फाइल घेऊन धावू नका. वाचनालयाला पुस्तकं, भजनी मंडळाला साउंड सिस्टीम, शिबिराला जेवणाचा खर्च, असलं काही यात बसत नाही. बसतं ते दगडमातीचं, लोखंडाचं, विजेचं: पदपथाची दुरुस्ती, बाकडी, पथदिवे, पावसाळी गटार, सार्वजनिक स्वच्छतागृह, बागेतली खेळणी, रस्त्याच्या नावाचे फलक. अर्ज कुणी करायचा? त्या प्रभागात राहणाऱ्या कुणीही. नाव, पत्ता, मोबाइल, कामाचं वर्णन, ठिकाण. क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे पालिकेच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात, कोरा अर्ज मिळतो, अलीकडे संकेतस्थळावरूनही भरता येतो. इथपर्यंत पाच मिनिटांचं काम आहे.

जागा कुणाची?

हाच तो प्रश्न. काम फक्त पालिकेच्या ताब्यातल्या जागेवर होतं. ऐकायला हे इतकं साधं वाटतं की कुणी त्याच्यापाशी थांबतच नाही.

आपण ज्याला ‘आमची गल्ली’ म्हणतो ती पुष्कळदा कुठल्यातरी जुन्या खासगी ले-आउटमधला अंतर्गत रस्ता असते. त्यावरून सगळं गाव जातं, घंटागाडी येते, खालून पालिकेची जलवाहिनीही गेलेली असते. पण तो रस्ता पालिकेकडे रीतसर हस्तांतरित झालेला नसतो. कनिष्ठ अभियंता पाहणीला येतो, नकाशा बघतो आणि शेरा मारतो: खासगी जागा. आमच्या ओळखीचे एक काका अशा शेऱ्यावर उसळले होते, ‘अहो, चाळीस वर्षं टॅक्स भरतोय मी!’ काका खरंच बोलत होते. पण मिळकतकराची पावती तुमच्या घराची असते, घरासमोरच्या रस्त्याची नाही. पाणीपट्टीचं बिल, लाइटबिल, सोसायटीचं पत्र, यातलं काहीही रस्ता कुणाचा ते सिद्ध करत नाही. सोसायटीच्या कुंपणाच्या आतलं काम तर सरळ विसराच. आतला दिवा, आतला चेंबर, आतली बाग, तिथे तुमचा मेंटेनन्सच कामाला येणार.

मग मालकी कशी बघायची? पहिला टप्पा घरबसल्या होतो: भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा काढा. धारकाच्या जागी पालिकेचं नाव दिसलं तर प्रश्न मिटला. पण नाही दिसलं म्हणून लगेच हातपाय गाळू नका, कारण खरी गोम इथे आहे. विकास आराखड्यातल्या रस्त्याची जागा मूळ मालकाने पालिकेला दिलेली असते, पण उताऱ्यावर जुनंच नाव वर्षानुवर्षं चालू राहतं. अशा वेळी लागते ताबेपावती, म्हणजे जागा प्रत्यक्ष पालिकेच्या ताब्यात आल्याचा कागद. हा कागद तुमच्याकडे नसतो, माझ्याकडे नसतो, सोसायटीच्या चेअरमनने त्याचं नावही ऐकलेलं नसतं. असलाच तर पालिकेच्या दप्तरात.

तो बघायला पैसे पडत नाहीत आणि अर्जही लागत नाही. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिकांनी नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य सरकारचा नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. पुण्यात तर ही प्रथा त्याच्या बरीच आधी, २००९ च्या सुमारास सुरू झाली, तिच्यावरूनच राज्याने हे उचललं. तेव्हा सोमवार गाठा, सर्व्हे नंबर बरोबर घ्या आणि ले-आउटचा मंजूर नकाशा दाखवा म्हणा. ‘हे इथे नसतं, तिकडे विचारा’ असं एकदा तरी ऐकाल. तिकडे जा. तिथले ‘इकडे’ म्हणाले तर लेखी माहिती अधिकार अर्ज द्या: १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. हे सगळं प्रकटन निघाल्यावर सुरू केलंत तर वेळ पुरणार नाही. जून-जुलैत करून ठेवा.

ऑक्टोबर २०१७ मध्ये पालिकेत आलेली ११ गावं (त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर बाहेर पडली) आणि २०२१ मध्ये आलेली २३ गावं, इथल्या लोकांनी तर दुप्पट काळजी घ्यावी. ग्रामपंचायतीच्या काळातला रस्ता, शेतकऱ्याने तोंडी सोडलेली वाट, बिल्डरने ‘पब्लिक रोड’ म्हणून दाखवलेली पट्टी, सगळ्यांवर आज डांबर आहे आणि दप्तरात मात्र प्रत्येकीची गोष्ट वेगळी आहे. अशा ठिकाणी पहिल्या वर्षी रस्त्याचा आग्रह सोडा आणि ज्या जागेबद्दल वाद नाही अशी जागा निवडा. पालिकेच्या शाळेची भिंत, दवाखान्यासमोरचा पदपथ, ताब्यात आलेली बाग.

‘आमच्या चौकात सुधारणा व्हावी’

हे वाक्य मी अक्षरशः असंच लिहिलेलं पाहिलंय. सुधारणा म्हणजे काय, चौक कोणता? अभियंत्याला त्यावरून पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, काढायचा असतो. ज्या वाक्यातून लांबी-रुंदी निघत नाही त्याचा अंदाज निघत नाही, आणि ज्याचा अंदाज नाही ते काम यादीत जात नाही. असं लिहा: ‘शाळेच्या फाटकापासून दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत, डाव्या हाताचा पदपथ, अंदाजे ८० मीटर, फरशा उखडल्या आहेत, व्हीलचेअर जात नाही.’ सोबत दोन फोटो आणि मोबाइलच्या नकाशावरचं ठिकाण. पावलांनी मोजलंत तरी चालेल, कुणी टेप घेऊन या म्हणत नाही.

५ लाखांत काय बसतं, याचाही थोडा विचार हवा. कामाचे दर सरकारी दरसूचीने लागतात आणि वर जीएसटी येतो, त्यामुळे गल्लीतल्या ठेकेदाराने तोंडी सांगितलेला आकडा धरू नका. बारा लाखांच्या रस्त्याचे तीन तुकडे करून तीन घरांतून तीन अर्ज टाकण्याची शक्कल सगळ्यांनाच सुचते. ती अभियंत्यालाही माहीत असते. त्यापेक्षा स्वतःच्या पायावर उभा राहील असा तुकडा मागा: अख्ख्या रस्त्याऐवजी पाणी तुंबतं तेवढीच जागा.

दोनशे सह्या जोडल्याने अर्ज जड होतो, बळकट होत नाही. हे मतदान नाही. सह्यांचा उपयोग नंतर होतो, तो वेगळा.

आणि खातं बघा. पीएमपीची बस तुमच्या थांब्यावर थांबत नाही, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) ठिणग्या टाकतंय: या तक्रारी अनुक्रमे पीएमपीएमएल आणि महावितरणच्या आहेत. त्या या अर्जात लिहिल्या की एक वर्ष फुकट जातं.

तारीख आणि साल, दोन्ही नीट वाचा

२०२५ च्या पावसाळ्यात भरलेला अर्ज २०२६-२७ साठी असतो. म्हणजे पैसे १ एप्रिल २०२६ नंतर, काम त्याही नंतर. खड्डा आज पडलाय तर त्यासाठी पालिकेची तक्रार यंत्रणा आहे, हा अर्ज नव्हे. दिवाळीच्या आधी ‘आमचं काम अजून सुरू का नाही’ म्हणून भांडायला गेलेले लोक मी पाहिलेत. भांडण खणखणीत, पण साल चुकलेलं.

मुदत दरवर्षी बदलते, गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका. आणि हा काळ नेमका गणपतीच्या आगेमागे येतो. आरास, वर्गणी, विसर्जन, मग दमणूक, आणि लक्षात येतं तेव्हा खिडकी बंद झालेली. मुदत म्हणजे अर्ज कार्यालयात पोचण्याची मुदत, टपालात टाकण्याची नव्हे. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, नोंदवतो नंतर’ म्हटलं तरी तिथेच उभे राहा. हसून राहा, पण राहा. पोच नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नाही असं समजा. ऑनलाइन भरलात तर शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट.

नंतरचं, जे कुणी सांगत नाही

अर्जांची छाननी क्षेत्रीय कार्यालयात होते, अंदाज निघतात आणि यादी प्रभाग समितीपुढे जाते. ही समिती महापालिका अधिनियमाच्या कलम २९-अ खालची, तिच्यात नगरसेवक असतात. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर प्रशासक आले, तेव्हा हे निर्णय अधिकाऱ्यांच्याच टेबलावर गेले. प्रभागाला एकूण रकमेची मर्यादा असल्याने पात्र कामंही गळतात. इथे मात्र सह्या कामाला येतात: नगरसेवकाला भेटायला एकटे जाऊ नका.

मंजूर काम आयुक्तांच्या अंदाजपत्रकात येतं, मग स्थायी समिती, मग मुख्य सभा. अंदाजपत्रक पालिकेच्या संकेतस्थळावर असतं. त्यात तुमच्या कामाची ओळ शोधा आणि तिचा फोटो काढून ठेवा. कारण अंदाजपत्रकात नाव येणं म्हणजे काम होणं नव्हे. वर्षाच्या मध्यात ‘वर्गीकरण’ नावाचा प्रकार असतो, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवणं. नियमात बसवून केलेलं असतं, पण तुमच्या बाकड्यांचे पैसे दुसऱ्याच कुठल्यातरी कामाला गेले हे तुम्हाला कुणी घरी येऊन सांगत नाही. आणि वळवले नाहीत तरी ३१ मार्चला न वापरलेली तरतूद संपते. मग पुन्हा नवा अर्ज, नवी पोच.

म्हणून ऑगस्टमध्ये एकदा जाऊन विचारा, निविदा निघाली का. दिवाळीनंतर पुन्हा जा, कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, दिला का आणि त्याचा क्रमांक काय. उत्तर गोलगोल आलं तर माहिती अधिकारात एवढंच मागा: ‘अमुक पानावरील अमुक कामाची मूळ तरतूद, आजची तरतूद, वर्गीकरण झाले असल्यास त्या ठरावाची प्रत, कार्यादेशाची प्रत.’ ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, त्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येऊ शकतं. फेब्रुवारीपर्यंत थांबलात तर सगळं कार्यालय बिलांच्या गडबडीत सापडेल, आणि निवडणूक लागली असेल तर आचारसंहितेचं कारण आयतंच तयार असेल.