लाइव्हवर गोष्ट सांगणं वेगळं, सोंग वठवणं वेगळं

कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो. मध्येच आवाज चढवून दोन वाक्यं रावणाची बोलतो आणि तिसऱ्या वाक्याला पुन्हा बुवा होतो. बहुरूप्याचं तसं नसतं. दारात हवालदार होऊन आला की जाईपर्यंत हवालदारच. लाइव्ह करणारे बरेच जण या दोघांत गल्लत करतात. आवाज बदलला, टोपी चढवली की पात्र झालं असं धरून चालतात. खरा फरक चॅटमधल्या प्रश्नाला उत्तर कोण देतं, यात आहे.

समजा विषय गिरणगावचा आहे: लालबागमधली कामगारांची खानावळ, डिसेंबर १९८१. चॅटमध्ये कुणीतरी विचारतं, "संप किती दिवस चालला?" गोष्ट सांगणारी सरळ सांगेल की १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. खानावळवाल्या मावशींना मात्र यातलं काहीच ठाऊक असता कामा नये. "कसला संप? बोनसवरनं पोरं चिडलीत एवढं कानावर आलंय. माझी उधारी बुडू नये म्हंजे झालं." प्रेक्षकाला पुढचं माहीत आहे आणि मावशींना नाही, सगळी गंमत तिथेच आहे. मावशींनी तारीख सांगितली की सोंग संपलं. म्हणून पात्र करण्याआधी एका कागदावर दोन रकाने करावेत: हिला काय माहीत आहे, काय नाही. दुसरा रकाना जास्त भरतो.

"आवाज येत नाही" हा हमखास येणारा प्रश्न. गोष्टवाली म्हणते, "थांबा, माईक बघते," आणि सुटलेलं वाक्य पुन्हा घेते. मावशींना तेही मावशी म्हणूनच निभवावं लागतं: "अगं, माडीवरनं काय ऐकू येणार? खाली ये!" तोवर हात माईककडे.

यूट्यूबवर लेटन्सीची, म्हणजे आपलं बोलणं प्रेक्षकापर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळेची, निवडही यावरूनच ठरते. पात्र संवादावर जगतं. उत्तर वीस सेकंदांनी पोचलं तर विनोद शिळा होतो. तिथे 'अल्ट्रा लो' हवं. पण त्यात बफर, म्हणजे आधीच साठवलेलं चित्र, अगदी थोडा उरतो आणि पावसात मोबाइल नेट डगमगलं की चित्र अडकतं. अशा वेळी 'लो' ठेवून चित्राचा दर्जा ७२०पी आणि डेटाचा वेग साधारण २५०० केबीपीएसवर उतरवावा. गोष्टीला 'नॉर्मल' पुरतं, कारण प्रश्न प्रसंग संपल्यावर घ्यायचे असतात. मात्र मध्येच आलेल्यांसाठी दर दहा मिनिटांनी दोन वाक्यांत मागचं सांगावं लागतं. पात्राला ते लागत नाही.

आवाजाचं गणित नीट समजून घ्यावं. ओबीएस या लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज गेट ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करतं. त्यात मूळ आकडे उघडण्याचा -२६ आणि बंद होण्याचा -३२ डेसिबल असे असतात. गोष्ट सांगताना आवाज वाक्याच्या शेवटी खाली येतो आणि मराठीत क्रियापद नेमकं तिथेच असतं. गेटने ते गिळलं की 'तो घरी होता' आणि 'तो घरी नव्हता' सारखंच ऐकू येतं. आधी गप्प बसून मीटरवर पंखा, रस्ता, शेजारचा कुकर मिळून किती येतं ते बघावं. -५० येत असेल तर बंद -४४, उघड -३८ आणि होल्ड (आवाज खाली गेल्यावरही गेट उघडं राहण्याचा वेळ) २०० ऐवजी ४०० मिलिसेकंद. पात्राची अडचण उलटी: मावशी ओरडल्या की आवाज फाटतो. त्यासाठी आधी माईकचा गेन कमी करावा, मग आवाजाला वरची मर्यादा घालणारा लिमिटर -६ डेसिबलला लावावा. माईकवरच फाटलेला आवाज लिमिटर सुधारत नाही.

व्हीट्यूबर पद्धतीचा अवतार (स्वतःच्या चेहऱ्याऐवजी पडद्यावर हलणारं चित्र) असेल तर ओठ आवाजाच्या मागे पडतात. तेवढा उशीर माईकच्या सिंक ऑफसेटमध्ये, म्हणजे आवाज मुद्दाम उशिरा सोडण्याच्या सेटिंगमध्ये, टाकावा.

दोन्ही एकत्र करायचं असेल तर बुवांचीच रीत बरी. निवेदन करताना नजर लेन्सवर, पात्र बोलताना थोडी बाजूला, आणि प्रत्येक पात्राची बाजू ठरलेली. खुर्ची हलवायची गरज नाही.

अखंड पात्र करताना सोंग उतरवण्याची खूण चॅट सांभाळणाऱ्या मॉडरेटरबरोबर आधी ठरवावी, उदाहरणार्थ डोक्यावरचा पदर खाली घेणं. चॅटमध्ये कुणी जीव द्यायची भाषा केली, तर मावशींच्या आवाजात उत्तर द्यायचं नाही. पदर खाली, स्वतःचा आवाज, आणि मॉडरेटरने मदतीचा नंबर चॅटमध्ये पिन करायचा.