ईमेलचा पत्ता देवनागरीत चालत नाही? चालतो!

दादरच्या कुठल्याही छापखान्यात व्हिजिटिंग कार्ड करायला जा. नाव मराठीत, दुकानाचा पत्ता मराठीत, ईमेल मात्र इंग्रजीत. का, तर म्हणे "ईमेलला दुसरी लिपी चालतच नाही!" एकेकाळी हे खरं होतं. पण इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २०१२ मध्येच इतर लिप्यांतल्या पत्त्यांचे नियम जाहीर केले. २०१४ पासून जीमेलवरून अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करता येतो, पत्त्याच्या शेवटी लागणारं देवनागरी '.भारत'ही त्याच वर्षीचं.

"आत शेवटी सगळं रोमनच होतं," असं जाणकारही सांगतात. ते अर्धंच खरं. डोमेनचं, म्हणजे 'अ‍ॅट'च्या चिन्हानंतरचं, नाव रोमन सांकेतिक रूपात बदलतं, पण त्या चिन्हाआधीचं नाव युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संगणकी संकेतांतच जातं. त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला 'एसएमटीपीयूटीएफ८' ही इतर लिप्यांतले पत्ते स्वीकारायची सोय लागते. एकाकडे नसली की पत्र परत! या नावाला जागा ६४ बाइटची (बाइट म्हणजे संगणकातल्या जागेचं माप), आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'संतोष' लिहिलं तर अनुस्वार आणि ओकार धरून पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. नाव आणि आडनाव सहसा आरामात बसतं.

खरं घोडं अडतं ते वेबसाइटच्या फॉर्मवर. कित्येक फॉर्म अजून ए ते झेडच तपासतात आणि 'चुकीचा ईमेल' म्हणून लाल अक्षरं दाखवतात. हा आळस फॉर्म बनवणाऱ्याचा, लिपीचा नव्हे. तोवर देवनागरी पत्त्यासोबत त्याच मेलबॉक्सला एक रोमन पत्ता जोडून ठेवा. कार्डावर दोन्ही छापा.